फिक्या निळ्या झेंड्याखालची लेक

सिंधूताई गजभिये आमच्या गल्लीत झेंडे शिवतात. नागपूरच्या पाचपावलीत झेंडे शिवणारी घरं बरीच आहेत, पण ताईंच्या झेंड्याला चारही बाजूंनी दुहेरी शिलाई असते आणि भाव मात्र इतरांइतकाच, म्हणून गिऱ्हाईक आधी त्यांच्या दारात येतं. चौदा एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन हे त्यांचे दोन हंगाम. त्या दिवसांत त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पलंगावर निळं कापड, पलंगाखाली निळं कापड, आणि चहात कधीमधी निळा धागा. बाकीचं वर्ष त्या शाळेचे गणवेश शिवतात आणि कुरकुरतात.

मी शेजारी राहतो. वीज खात्यातून निवृत्त झालो. बायको नातू सांभाळायला पुण्याला गेली आणि तिकडेच रमली. त्यामुळे सकाळी पेपर घेऊन ताईंच्या ओट्यावर बसणं एवढंच काम मला उरलं आहे. आजोबांपर्यंत आमच्या घरी उमरेडला माग होता, म्हणून कापडावर मत देण्याचा हक्क मी स्वतःकडे ठेवला आहे. ताई तो मानत नाहीत.

ताईंचे यजमान कोळसाखाणीत होते, ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, भावना. ती सैन्याच्या पोलिसांत लागली तेव्हा ताईंनी गल्लीत पेढे वाटले आणि घरात येऊन रडल्या. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी भावनाच्या तुकडीला शांतिसेनेत आफ्रिकेला पाठवलं. त्या मुलखाचं नाव ताईंच्या जिभेवर कधी बसलं नाही. त्या ‘भावनाचं गाव’ म्हणायच्या, आणि मीही इथे तेच म्हणतो.

तिकडे पोचल्यावर तिने फोटो पाठवला. डोक्यावर निळी टोपी, मागे काठीवर झेंडा. ताईंनी फोन माझ्या नाकाला लावला.

“पाहा भाऊ. आपला झेंडा.”

मी पाहिलं. झेंडा संयुक्त राष्ट्रांचा होता. फिका निळा, मधे पृथ्वीचा नकाशा आणि दोन्हीकडून ऑलिव्हच्या डहाळ्या.

“रंग उडून गेला बिचाऱ्याचा,” ताई म्हणाल्या. “तिकडचं ऊन कडक असन. आन् पिंपळाची पानं पाहा, कशी दोन्हीकडून काढली. हे आपल्याले नाही सुचलं.”

बाबासाहेब परदेशात शिकले होते, तेव्हा त्यांचा झेंडा परदेशात पोचला यात ताईंना काहीच नवल वाटलं नाही. उशीर का झाला एवढाच त्यांचा प्रश्न होता. मला चुकीचं काही ऐकलं की दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नाही. याच सवयीपायी माझ्याबरोबर ऑफिसात कुणी डबा खायला बसत नसे. पण त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला, ताईंनी झेंड्याचं कौतुक सुरू केलं, आणि आईच्या खांद्यामागे मी दिसताच भावनाने हळूच ओठांवर बोट ठेवलं. मी जीभ आवरली. त्या दिवसापासून ताई नीट झोपू लागल्या होत्या, हे मलाही दिसत होतं. पोरगी परक्या मुलखात नाही, आपल्या निळ्याखाली आहे, आपली माणसं तिला जपतील, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

भावनाच्या गावची भानगड अशी होती. दोन फौजा एका पट्ट्यासाठी भांडत होत्या, आणि पट्ट्यातली माणसं घरंदारं सोडून शिबिरात येऊन पडली होती. बाहेरून एक म्हातारा मुत्सद्दी मध्यस्थ म्हणून आला होता आणि दोन्ही बाजूंना बोलणी करायला बसवू पाहत होता. राजकीय तोडगा निघाला की माणसं घरी जाणार, शिबिर उठणार आणि भावनाची तुकडी परतणार. एवढ्या मोठ्या राजकारणातलं हे शेवटचं कलम तेवढं ताईंनी धरून ठेवलं होतं.

पेपरात त्या वाटाघाटींची बातमी आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीशेजारी बोटभर यायची. ताई मशीन थांबवून ऐकत. बातमी आली नाही की माझ्यावर चिडत, जसा काही मीच पेपर छापतो.

उन्हाळ्यात कूलरसमोर बसून आम्ही भावनाशी बोलत होतो, तेव्हा तिने बोलण्यांची तऱ्हा सांगितली. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तंबूंत बसतात, एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. मध्यस्थ कागद घेऊन या तंबूतून त्या तंबूत जातो. एक शब्द इकडचे खोडतात, दुसरा तिकडचे. तिची तुकडी दोन्ही दारांवर उभी असते आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायांची झडती घेते.

“वेगळ्या तंबूत?” ताई म्हणाल्या. “असं कधी भांडण मिटते काय वं?”

ताईंच्या विहारात भांडण मिटवायची एक रीत आहे. दोन्ही घरच्यांना एकाच सतरंजीवर बसवायचं, सगळ्यांनी मिळून आधी त्रिसरण-पंचशील घ्यायचं, मग बोलायचं. नुकतंच पंचशील म्हटलेल्या तोंडातून लगेच शिवी निघत नाही, निदान चहा येईपर्यंत तरी. महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून ताईंनी अशी बरीच भांडणं मिटवली होती. त्यांनी भावनाला बजावलं, “तुह्या त्या साहेबाले सांग. एक सतरंजी टाका म्हणा. झेंडा आपलाच हाये, तर वंदना घ्यायले काय जाते त्याईचं?”

भावना हसून म्हणाली, “सांगतो, आई.” सतरंजीने फौजा मिटत नसतात हे तिला ठाऊक होतं. मला तर होतंच.

पण ताई तिथे थांबल्या नाहीत. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. एके दिवशी वाचन संपल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बोलणी जुळत आली आहेत, निळा झेंडा मधे आहे म्हटल्यावर तोडगा निघणारच, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत माझी भावना घरी येईल. बायांनी ‘साधू, साधू’ म्हणत साधुकार दिला. दीक्षाभूमीजवळ या वेळी मायलेकी मिळून झेंड्यांचं दुकान लावणार हेही ठरून गेलं. ताईंनी गांधीबागेच्या कापडबाजारातून भावनासाठी पांढरी साडी आणली. पदराचं सूत कच्चं होतं. मी बोललो नाही, म्हणजे मी किती सुधारलो पाहा.

पावसाळा सरता सरता पेपरात बातमी आली. बोलणी फिसकटली. एका बाजूची माणसं आलीच नाहीत, आणि दुसऱ्या बाजूने आपला तंबू गुंडाळला. शिबिराच्या कुंपणाजवळ गोळीबार झाला असंही खाली लिहिलं होतं. मी पेपर घडी करून खिशात घातला, पण ताईंना माझं तोंड वाचता येतं.

“काहून लपवून राहिले?”

मी वाचून दाखवलं. त्यांनी झेंड्याची राहिलेली शिलाई पूर्ण केली, दाताने दोरा तोडला, आणि मग म्हणाल्या, “निळ्यावर गोळी कशी झाडली गा त्यांनी?”

याचं उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते देता येत नव्हतं. चार दिवस फोन लागला नाही. ते चार दिवस ताई मशीनवर बसत आणि पाय हलवत नसत. विहारात जाणं त्यांनी बंद केलं. तिथे आता सगळ्या विचारतील, म्हणून.

रविवारी दुपारी फोन आला. भावना बरी होती. चेहरा उतरलेला, पण धड. ताईंनी देवाचं नाव घ्यावं तसं “जय भीम” म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

“आई, ऐक. मले तुले एक विचारायचं हाये. पण त्याच्याआधी एक खरं सांगतो. हा झेंडा आपला नाही वं. साऱ्या देशांचा मिळून हाये. ते पानं पिंपळाचे नाही. मले पहिल्या दिवशीच सांगायचं होतं, पण तुले झोप लागून राहिली होती.”

ताई फोनच्या पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं.

“म्हणजे तिथं तुले आपलं कोणीच नाही?”

“आमच्या तुकडीतल्या पोरी हायेत.”

“त्याईच्याशिवाय?”

“नाही.”

“आन् हे आज काहून सांगून राहिली?”

भावनाने सांगितलं. तोडगा निघाला नव्हता, तरी तुकडीची ठरलेली मुदत संपली होती, पुढच्या आठवड्यात विमान होतं. पण तो म्हातारा मध्यस्थ हटला नव्हता. त्याने पुन्हा बैठक जुळवत आणली होती, आणि या वेळी प्रथमच शिबिरातल्या बायांनाही बसायला जागा मिळणार होती. गावांत कोणी परतायचं, विहीर कोणाची, शेत कोणाचं, हे बोलायला. शिबिरापासून बैठकीपर्यंतचा रस्ता धोक्याचा होता. बायांनी सांगून ठेवलं होतं, या पोरी सोबत चालल्या तरच आम्ही जाऊ, नव्या तुकडीच्या भरवशावर शिबिराबाहेर पाऊल टाकणार नाही. तुकडीतल्या ज्यांना मागे राहायचं असेल त्यांनी नाव द्यावं, सक्ती नाही, असं वरून कळवलं होतं.

“मी नाव दिलं नाही अजून. तुले खोटं सांगून विचारायचं नव्हतं. आपल्या झेंड्याखाली हाये म्हणून तू हो म्हटलं असतं. तू ये म्हण, मी पुढच्या रविवारी नागपुरात हाये.”

कोपऱ्यात झेंड्यांचे गठ्ठे बांधून तयार होते. ताईंनी ओठ हलवले. त्या ‘ये’ म्हणणार, हे मला दिसलं. मी मनातून तेच मागत होतो. मलाही ती पोरगी ओट्यावर बसून माझ्या पेपरवर चहा सांडताना हवी होती.

“त्या बायाईतली एखादी माह्या वयाची हाये काय वं?” ताईंनी विचारलं.

“हाये. तिचे दोन्ही पोरं सापडत नाही. तीच पुढं चालते.”

फोनमधून तिकडच्या वाऱ्याचा आवाज येत होता.

“राह्य मंग,” त्या म्हणाल्या. “नाव देऊन टाक. जेवत जा टायमावर.”

भावनाने डोळे पुसले, काहीतरी बोलली, पण आवाज तुटला आणि फोन बंद पडला. पुन्हा लागला नाही. मला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि मी तेच बोललो जे अशा वेळी सगळे बोलतात.

“ताई, तुम्ही बरोबर केलं.”

त्या माझ्यावर इतक्या चिडल्या की मी ओट्याच्या कडेला सरकलो.

“बरोबर केलं ते मलेही समजते गा भाऊ,” त्या म्हणाल्या. “बरोबर केलं म्हणून संध्याकाळी घरात कोणी येऊन बसते काय?”