आमच्या तळघराखाली

औंढ्याला देवळाकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीत घरं एका रांगेत, भिंतीला भिंत लागून उभी आहेत. आमचं आणि थोरल्या दिरांचं घर मुळात एकच होतं. सासरे होते तेव्हाच मध्ये भिंत घातली गेली आणि दोघांच्या वाट्याला अर्धं अर्धं तळघर आलं. दिरांचं नारळ-प्रसादाचं दुकान. आम्ही यांच्या नोकरीपायी बरीच वर्षं नांदेडला होतो. घराची किल्ली दिरांकडेच असायची.

परत आल्यावर मी शिवणक्लास काढायचं ठरवलं. वर जागा नव्हती. तळघर थंडगार, पण इतकं बुटकं की वाकूनच वावरावं लागे. तिथं कापड बेतणार कसं? जमीन खाली घेतली तरच जमणार होतं.

दिरांना विचारलं तर ते एकदम उखडले. "काहून उकरता? पाणी लागंल. भिंत बसली म्हंजी दोन्ही घरं जातील."

गवंड्यानं पाहून सांगितलं की भिंतीपासून हातभर सोडून मधलीच जमीन उकरू, काही होणार नाही. तरी हे कचरत होते. मोठ्या भावापुढे यांनी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. म्हणून मी अक्काकडे गेले. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माझ्या बाळंतपणात तिनंच मला न्हाऊ घातलं होतं, आणि गावी परतल्यापासून रोज दुपारी ती माझ्याकडे चहाला यायची.

"तुमी सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते म्हनतात तर ऱ्हाऊ दे माय. वरच कर काहीतरी."

तिला भिंतीची काळजी वाटत असेल, असं मला वाटलं. शेवटी यांनीच एकदाचा धीर करून कामाला हो म्हटलं. गवंडी मोकळा सापडला त्या दिवशी दीर लग्नासाठी पुसेगावला गेले होते.

वरची माती निघाली, मुरूम लागला, आणि मग पहार कशावर तरी खणकन आदळली. माती बाजूला सारली तर खाली शहाबादी फरशी.

"इथं फरशी कुनी घातली?" गवंडी म्हणाला.

त्यानं पहार घालून फरशी एका बाजूनं उचलली. खालून पिवळा उजेड आला आणि पाठोपाठ आवाज, "कोन हाय? काय पाडून राहिले?"

मी वाकून पाहिलं. खाली नारळाच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या आणि त्यांच्या मध्ये अक्का उभी होती, मान वर करून. तिच्या पदरावर आमच्या तळघरातली माती सांडली होती.

"अक्का, तुमी इथं कशा?"

ती भिंतीकडे सरकली आणि दिवा बंद केला.

आम्ही नांदेडला असताना दिरांनी आपलं तळघर खोल करून, भिंतीखालून थेट आमच्या घराखाली आणलं होतं. लोखंडी गर्डर, त्यावर फरश्या, वर पुन्हा माती. हे तळघराच्या पायरीवर बसून राहिले. पाणी दिलं तर पेला नुसता हातात धरला.

संध्याकाळी दीर आले. "जागा पडूनच होती," ते म्हणाले. "वरचं तुमचंच हाय ना? तुमचं काय कमी झालं?"

"दादा, मागितलं असतं तर दिलं असतं." हे म्हणाले.

"मागायला तुमी इथं होते का?"

गल्लीतली चार मोठी माणसं मध्ये पडली. दिरांनी पोती काढली आणि आपल्या बाजूनं विटांची भिंत बांधून घेतली. आम्ही त्या पोकळीत मुरूम भरून, धुमसानं ठोकून घट्ट करून, हवी होती तेवढ्या खोलीवर फरशी बसवली. क्लास सुरू झाला. आता बाया ताठ उभ्या राहून कापड बेततात.

बऱ्याच दिवसांनी अक्का एका दुपारी दारात आली.

"मी सांगनारच होते तुला."

"कवा?"

"तुमी आले त्याच दिवशी. मंग तू चहा ठेवला, लेकरं मांडीवर येऊन बसले, अन् राहून गेलं. मंग रोजच राहून गेलं."

दिरांचा मला रागच आला होता, तो ओसरेलही. पण अक्का रोज माझ्यासमोर बसून कपबशी हातात घ्यायची, मी क्लासचे बेत सांगायचे, कुठं मशीन ठेवायची ते बोटानं दाखवायचे, आणि ती "व्हय, व्हय" म्हणायची. ते काही मनातून जात नाही. दिरांचा धाक तिला किती होता ते मी पाहिलेलं होतं. तरीही त्या दुपारी मला तिला "बसा" म्हणता आलं नाही. ती थोडा वेळ चौकटीला हात लावून उभी राहिली आणि गेली.

दिवाळीला तिच्याकडून फराळाचं ताट आलं. मी ते रिकामं करून, आमच्या करंज्या घालून मुलीच्या हाती परत पाठवलं. मी स्वतः गेले नाही.