देवगाव रंगारीच्या गच्चीवरचं ऊन

आई गेल्यापासून देवगाव रंगारीला जायचं मी टाळतच होते. मावशीचा आवाज हुबेहूब आईचा, तो समोर बसून ऐकवला नसता. पण एका सकाळी फोनवर ती हळूच म्हणाली, "लई खाज सुटतीय गं, खाली. कोनाला सांगू?" मी पुण्याहून निघालेच.

संभाजीनगरला उतरून आधी रिक्षानं औरंगपुऱ्याचा बाजार गाठला. मावशीच्या मापाच्या सुती निकर मागितल्या. दुकानदार म्हणाला, "नायलॉनच्या न्या ताई, घरातल्या घरात वाळत्यात." नेमकं तेच नको होतं. पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, आणि खिडकी मिळाली तर मका-कपाशी बघत मजेत जाता येतं. जाणार असाल तर थंडीत जा.

मावशीकडे गरम भाकरी, ठेचा झाला आणि हात धुवायला न्हाणीघरात गेले. दोरीवर परकर, त्याच्याखाली दडवलेल्या निकर, ओलसर, कुबट वासाच्या. आईही अशाच वाळवायची. कोनाड्यात पावडरचा डबा, तसाच आईकडेही असायचा. तो कशासाठी, हे तिनं कधी सांगितलं नाही.

"गच्चीवर का नाही घालत?"

"थोरले भाऊजी असतेत ना घरात. दिसंल की." भाऊजी म्हणजे तिचे थोरले दीर.

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून मलम दिलं. सुती वापरा, रोज बदला, कडक उन्हात वाळवा, ओलं अंगावर चढवू नका, म्हणाल्या. मावशी नुसती मान डोलावत राहिली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर दोरी बांधली. नव्या निकर धुऊन घातल्या. वळून पाहते तो मावशीनं वर परकर टाकलेला. मी काढला, तिनं पुन्हा टाकला. शेवटी तिनंच तोड काढली. परकर उचलला, गच्चीभर हरभऱ्याची डाळ पसरली आणि राखणीला बसली. जिन्यात भाऊजींची पावलं वाजली तशी म्हणाली, "वर येऊ नगा, डाळ तुडवली जाईल." पावलं परतली. मावशी तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसताना ती इतकी आईसारखी दिसली की मला रडूच आलं. आईला एकदा तरी या उन्हात आणून बसवायला हवं होतं.

पुण्यात आता माझी दोरीही बाल्कनीत आहे, वर टॉवेल नाही. काल मावशीचा फोन आला. खाज थांबलीय. मग अगदी आईच्या आवाजात म्हणाली, "तुझं वाळलं का गं?"

मला नीट ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "काय म्हणालीस? पुन्हा बोल."