तळेगावकडे लंडन, आळंदीकडे जपान

हे काल गेले.
दुपारी जेवले, आडवे झाले, उठलेच नाहीत.

सकाळपासून फोन चालू आहेत. सगळ्यांचं एकच, काकूंनी रडून घ्यावं. रडेन की. आधी एक गोष्ट लिहून होऊ दे. माझी मीच टाइप करतेय, चुका पोटात घाला.

ह्यांना रेडिओचं वेड होतं. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. सरकारी लायसन काढून घरबसल्या परदेशातल्या माणसांशी बोलायचा, तो. हॅम रेडिओ.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. चिंचवडला कंपनीचं क्वार्टर, दोन खोल्या. त्यात सासूबाई, दोन दीर आणि आम्ही. माझं नवीन लग्न.

नवऱ्याशी सगळ्यांदेखत बोलायची सोय नव्हती. सासूबाईंना खपायचं नाही. पाणी हवं असलं तरी हे आईला सांगणार, आई मला सांगणार.

पण अँटेना होता ना.

ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, ह्यांनी सहा महिन्यांचे रविवार घालवून केलेला. ज्या दिशेला त्याचं तोंड, तिकडचंच नीट ऐकू यायचं. म्हणून तो उंच पाइपवर बसवला होता आणि खाली, मागच्या अंगणात, त्या पाइपला सायकलचं हँडल जोडलं होतं. हे आत खिडकीशी रेडिओवर बसायचे. बाहेर हँडल धरून फिरवणारी मी.

"अगं, तळेगाव."
"आलं."
"जरा देहूकडे. जरा. बास."

तळेगावकडे तोंड केलं की लंडन. आळंदीकडे जपान. हडपसरकडे ऑस्ट्रेलिया. अंशबिंश पुस्तकात, आमचं काम गावांवर चालायचं.

सासूबाईंना वाटायचं कामाचं बोलणं चाललंय. कामाचंच होतं हो. पण नवरा मला हाक मारत होता आणि मी ओ देत होते. दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की माझं लक्ष कशात लागायचं नाही.

मग एकदा ह्यांनी माझे तळहात बघितले. फोड आले होते.

"आता हे बंद," म्हणाले. "मोटर आणू. रोटेटर. बटण दाबलं की अँटेना फिरेल."

माझ्यासाठी म्हणून आणायला निघालेला माणूस, त्याला काय सांगणार? की मला ते फोड चालतील म्हणून?

पिंपरीला स्टेशनजवळ हमीदभाईंचं भंगाराचं दुकान होतं. मिलिटरीच्या लिलावातला माल असायचा त्यांच्याकडे. पाइपचं वजन मला ठाऊक म्हणून हे मला सोबत घेऊन गेले. सासूबाईंना सांगितलं, गणपतीला जातो. लग्नानंतर पहिल्यांदा दोघंच बाहेर पडलो, ते भंगाराच्या दुकानात.

हमीदभाईंनी दोन मोटरी काढल्या. एक छोटी, हलकी, बॅटरी लावताच गरकन फिरली. हे खूश. दुसरी धोंड्यासारखी जड आणि फिरायला आळशी.

"ही छोटीच घेऊ," हे म्हणाले. "हिच्यात जोर आहे बघ."

मी छोटीचा दांडा बंद असताना हाताने फिरवून पाहिला. सहज फिरला. जडचा फिरवून पाहिला. ढिम्म हलला नाही.

आणि मला कळलं ते ह्यांना कळलेलं नव्हतं. कसं कळणार, हँडल कुठे धरलंय त्यांनी. अँटेना फिरवायला जोर लागतच नाही. जोर लागतो तो वाऱ्यात धरून ठेवायला. फोड त्यानेच आले होते.

मी गप्प बसले असते तर छोटी घरी आली असती. पहिल्या जोराच्या वाऱ्यात अँटेना भेलकांडला असता, आणि ह्यांनी मला पुन्हा हँडलला उभं केलं असतं. मला तेच हवं होतं. खरं सांगते, मी गप्प बसणारच होते.

पण त्या नळ्या वाकल्या असत्या तर हा माणूस आठ दिवस धड जेवला नसता.

"अहो," मी म्हटलं, "ही थांबत नाही. जड घ्या."

हमीदभाई हसले. "वहिनी बरोबर बोलल्या, भाऊ. अपनेको ब्रेक मंगता."

असे आम्ही गणपतीला गेलो आणि मोटर घेऊन आलो. सासूबाई काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

रविवारी मोटर चढली. संध्याकाळी हे रेडिओवर बसले, बटण दाबलं, वर घरघर झाली. मी आत कणीक मळत होते, जरा जास्तच जोरात. आपलं काम गेलं, एवढंच डोक्यात.

"अगं, जरा मागे जाऊन बघ. तोंड कुठे झालंय?"

सासूबाई म्हणाल्या, "आता मोटर आणलीय ना?"

"फिरते गं आई. पण कुठे थांबलीय ते सांगत नाही. त्याला डायल लागतो. लावायचा राहिलाय."

मी पिठाच्या हातांनीच अंगणात गेले.

"तळेगाव," मी म्हटलं.

तो डायल पुढची अकरा वर्षं लावायचा राहिला. कंपनीतली अख्खी मशिनं दुरुस्त करणारा माणूस, आणि घरचा एक डायल होईना. मला वाटायचं, आळस.

एकदा तळेगावचे ह्यांचे रेडिओवाले मित्र आले होते. मी मागे कपडे वाळत घालत होते, खिडकी उघडी. ते म्हणाले, "अरे, वहिनींना कशाला पळवतोस? डायल म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम."

हे म्हणाले, "तासाभराचं. पण मग तिला हाक कशाला मारू?"

मी ओला कपडा हातात धरून तशीच उभी राहिले. ह्यांना कधी कळलं नाही की मी ऐकलं होतं. सांगायला हवं होतं. रोज वाटायचं, सांगू कधीतरी.

आता सांगते. अहो, मी ऐकलं होतं.

लोक भावपूर्ण श्रद्धांजली लिहितील. मी नमस्कार करते. सावकाश जा.