सोफा वजा

कॅरी या अमेरिकन गावात आमच्या शेजारी एक रिटायर्ड इंजिनिअर काका राहतात. कुणी घर रंगवायला काढलं की रंगाचा हिशोब करायला ते टेप घेऊन हजर. दारं वजा, खिडक्या वजा; आमच्याकडे तर त्यांनी सोफाही वजा केला. "त्याच्यामागे कोण बघतंय? दोन गॅलन बास!" मलाही ते पटलं. रंग बरोब्बर पुरला. काका आठवडाभर खुशीत होते.

परवा आम्ही घर विकायला काढलं. लोक बघायला यायच्या तासभर आधी सोफा हलवला, तर पांढऱ्या भिंतीवर सोफ्याएवढा जुना पिवळा चौकोन! मी काकांना बोलावून तो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, चौकोन उभा-आडवा मोजला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"बघ, इंचाचाही फरक नाही!"