मिस्त्रींनी न ऐकलेली गाडी

अकोल्याच्या एका गाडीविक्याने मला फसवलं, आणि मी राजापेठेतल्या मिस्त्रींना फसवलं. पहिल्या फसवणुकीची बोंब मी गावभर मारली. दुसरीबद्दल आज पहिल्यांदा बोलतो आहे.

मिस्त्रींना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. मागच्या गल्लीत पत्र्याचं शेड, दारात लोखंडी स्टूल, अंगात बाह्या दुमडलेला खाकी शर्ट. गाडी समोर आली की ते रंग बघत नसत, नंबर बघत नसत. आधी हाताची पालथी बाजू बॉनेटला लावायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. "आधी हात, मंग कान," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बॉनेट गरम लागलं की हात पुसून पुन्हा स्टुलावर बसायचे आणि उद्या या म्हणायचे. मालक कितीही मोठा असो, गरम गाडी ते ऐकत नसत.

मी जुन्या गाड्यांचा धंदा करतो. स्कूटरींच्या दलालीपासून सुरुवात केली, कुणी हात धरून शिकवलं नाही. पुढे डॉक्टर, बिल्डर, अकोटचे जिनिंगवाले यांना परदेशी गाड्यांचा शौक लागला, त्याही पेट्रोलच्या, तेव्हा मला मिस्त्रींची गरज पडू लागली. काम असलं की मी त्यांना चाचा म्हणायचो, मजुरी ठरवताना मिस्त्री. हे त्यांनी कधीच ओळखलं होतं. मी दारातून "चाचा" म्हटलं की वर न बघता विचारायचे, "कोन्ती गाडी फसली?"

कंपनीच्या पत्रकातले आकडे मी त्यांना कौतुकाने वाचून दाखवायचो. तीन लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर, टर्बो, सव्वातीनशे घोड्यांची ताकद. ते शांतपणे ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "घोडे बराबर हायेत भाऊ. लगाम पाहा ना. लगाम प्लास्टिकचा हाये."

त्याचा अर्थ त्यांनीच मला समजावला होता. या इंजिनांत टायमिंगची चेन प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकते, आणि तिला ताणून धरणारा पुर्जा तेलाच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली उतरतं. चेन झिजलेली असेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखडते. बस, तेवढेच दोन-तीन सेकंद. एकदा तेल वर चढलं की तेच इंजिन मांजरासारखं गुरगुरतं आणि कुणालाच काही कळत नाही. त्या दोन सेकंदांसाठी मिस्त्री पहाटे उठून लोकांच्या अंगणात जायचे, लांब पेचकसाचं एक टोक इंजिनावर टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, ती बुऱ्हाणपूरला दिलेली. शेड ईदचा दिवस सोडला तर रोज उघडं. रविवारी तरी घरी थांबत जा, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "घरी काय करू? घरात काईच वाजत नाई."

मग अकोल्याच्या त्या गाडीविक्याकडे तसल्याच इंजिनाची एक पांढरी गाडी आली. मोर्शीच्या एका संत्रा व्यापाऱ्याला दसऱ्याच्या मुहूर्तावर ती दारात पाहिजे होती आणि मी शब्द देऊन बसलो होतो. दसऱ्याच्या आदल्या सकाळी मिस्त्रींना घेऊन अकोल्याला गेलो. त्यांनी बॉनेटला हात लावला आणि लगेच काढला.

गाडीविक्या म्हणाला, आत्ताच पंपावरून धुऊन आणली. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले की ते आज अकोल्यातच मुक्काम करतील, गाडी उभी राहू द्या, उद्या सकाळी ऐकून सांगतील. मी म्हटलं, उद्या दसरा आहे.

"दसरा दरसाल येते भाऊ," ते म्हणाले. "गरम इंजिन मले काईच सांगत नाई. मी काय सांगू तुमाले?"

माझं डोकं फिरलं. आसपास चार लोक उभे होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो की ताप गाडीला नाही, तुमच्या हाताला आला आहे. लोक हसले. मी सौदा केला आणि भाव पाडून घेतल्याचा आनंदही मला झाला. मिस्त्रींनी पिशवीतून पेचकस काढलाच नाही. परतीच्या वाटेवर ते त्याच गाडीत मागे बसले आणि बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. त्याच संध्याकाळी गाडी मोर्शीला पोहोचती केली.

दिवाळी झाल्यावर मोर्शी रोडवर चेन घसरली आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकले. व्यापारी तणतणत राजापेठेत आला. आम्ही सगळे गाडीवाले ज्या टपरीवर चहा घेतो, तिथेच त्याने मला गाठलं. गाडी कुणाला दाखवून घेतली होती, असं त्याने सगळ्यांदेखत विचारलं. मिस्त्री बाकाच्या टोकाला बसले होते.

मी म्हणालो, "मिस्त्रींनी ऐकून पास केली होती."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "भाऊ, म्या तं गाडी ऐकलीच नवती."

"ऐकली होती," मी म्हणालो. माझा आवाज मोठा होता. मोठ्या आवाजावरच माझा धंदा चालतो. मिस्त्री अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

नागपूरच्या मोठ्या वर्कशॉपने नवं इंजिन टाका म्हणून सांगितलं. शेवटी झक मारून मला त्याच शेडमध्ये जावं लागलं. मी "चाचा" म्हणालो. या वेळी त्यांनी कोणती गाडी ते विचारलं नाही. अठरा दिवस ते एकट्याने खपले. या इंजिनात चेन मागच्या बाजूला असते, म्हणून अख्खा गिअरबॉक्स उतरवला, हेड उघडलं, वाकलेले व्हॉल्व्ह बदलले. एकोणिसाव्या सकाळी थंड गाडी सुरू केली, पेचकस कानाला लावला. बऱ्याच वेळाने डोळे उघडले.

मजुरीचं मी विचारलं तर मान हलवली. म्हणाले, "एक काम करा. टपरीवर सांगून द्या का बुढ्यानं थे गाडी ऐकली नवती. बस."

सांगतो म्हणालो. त्या वेळी मनात खरंच होतं. पण ते सांगायचं म्हणजे मोर्शीच्या माणसाला न तपासलेली गाडी गळ्यात मारली हे कबूल करायचं. पुढच्या आठवड्यात सांगू, संत्र्याचा हंगाम संपल्यावर सांगू, असं करता करता वर्ष गेलं. तोवर गावात एकच बोललं जात होतं: बुढ्याचा कान गेला. डॉक्टरांनी बोलावणं सोडलं, मग जिनिंगवाल्यांनी. टपरीवर ते पुन्हा आले नाहीत.

शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. शेडसमोर कुणीतरी गाडी लावून शेजारच्या दुकानात गेलं होतं. मिस्त्री स्टुलावरून उठले, बॉनेटवर पालथा हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. गाडीवाला आला, त्याने हॉर्न दिला, ते बाजूला झाले. मी पलीकडच्या फुटपाथवर होतो. रस्ता ओलांडला नाही. उन्हाळ्यात ते गेले, आणि मला कळलं तेव्हा मुलगी शेडला कुलूप लावून बुऱ्हाणपूरला परतलीही होती.

तर आता ऐका. त्या सकाळी बॉनेट गरम होतं. मिस्त्रींनी ती गाडी ऐकली नव्हती. खोटं मी बोललो आणि त्याचा जवाब मी देईन, जिथे द्यावा लागेल तिथे.

पण राजापेठवाल्यांनो, तुम्हालाही मी सोडणार नाही. मी गाडीचा भाव सांगितला की तुम्ही हसता आणि निम्म्याने मागता. एकहाती गाडी, एकाच मालकाची, म्हटलं तर कागद मागता. माझ्या एकाही शब्दावर तुम्ही आजवर भरवसा ठेवला नाही, आणि शहाणपणाच केला. मग हे एकच वाक्य घासाघीस न करता कसं घेतलं? टपरीपासून त्यांचं शेड शंभर पावलांवर होतं. तुमच्यातला एकही जण तिथवर जाऊन, चाचा, खरं काय ते सांगा, असं का म्हणाला नाही? मला याचा जवाब पाहिजे.