हळदीला नको असलेला हात

आत्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. मिळू दे की त्यांचं. माझी आई गेली हाय.

आईच्या तळहातांची कातडी जाड झाली होती, रेघा वर आलेल्या, अगदी बोकडाच्या पोटातल्या धुतलेल्या वजडीसारखी. मान, काखा काळ्या पडल्या. गडमुडशिंगीत सगळे म्हणायचे, म्हशीच्या धारा काढून काढून झालं असंल. मीही मलम नेऊन दिलं. शेवटी तिला कोल्हापुरात कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हात उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "जेवण जातंय का?"

"दोन घासात पोट भरतंय," आई म्हणाली.

"मग हे दुखणं नुसतं कातडीचं नाही. पोटात गाठ असली तरी क्वचित हात असे होतात. या आठवड्यातच दुर्बीण घालून बघा."

घरी आत्या पत्रिका घेऊन बसलेली. तिच्या थोरल्याचं लग्न दीड महिन्यावर. सगळं ऐकून ती कडाडली, "लग्नघरात गाठीचं नाव काढायचं न्हाय! मामीच दवाखान्यात पडली तर मामा-मामीचा जोडीचा मान कोण घेणार? आणि हात बघून पोटातलं सांगाय ती बाई काय ज्योतिषी हाय?" बाबा खाली मान घालून बसले. आई म्हणाली, "होऊ दे लग्न."

हळदीला आई नवऱ्या मुलाजवळ गेली, तर आत्यानं सगळ्यांदेखत तिचं मनगट धरलं. "वहिनी, तुझा हात नको." मानासाठी थांबवून घेतलीस आणि आता हात नको? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मांडवात तमाशा नको म्हणून गप्प बसले.

लग्नानंतर दुर्बीण घातली. गाठ जठरातून बाहेर पसरली होती. त्या वर्षीची दिवाळी आईनं बघितली नाही.

परवा आत्या धाकट्याच्या लग्नाच्या अक्षता घेऊन माझ्या दारात आली. साठवलेलं सगळं मी ओकून टाकलं. शेजारणी बाहेर आल्या. म्हटलं, येऊ देत, ऐकू देत. "तू मारलंस माझ्या आईला!" मला तिला रडवायचंच होतं.

ती रडली नाही. म्हणाली, "मी अडाणी बाई, मी नको म्हणलं. तू शिकलेली. डॉक्टरीणबाईचं तू सोता ऐकलंवतंस. मग तू का न्हाय नेलीस?"

तिच्या हातातल्या अक्षता हिसकावून मी रस्त्यावर फेकल्या आणि दार लावून घेतलं.