मामीची घाई

आमच्या गल्लीत कुणाकडे मयत झाली, की वच्छलामामी सगळ्यांच्या आधी पोचायच्या. बायकांत बसून पदर डोळ्यांना लावायच्या, आणि ते रडणं खरं असायचं. पण उठताना घरच्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन हळूच विचारायच्या, "बापू, लेहून ठेवलं व्हतं का त्यायनं काई?" माणसं चिडायची. एका घरात तर त्यांना सरळ "तुमी या आता" असं सांगण्यात आलं. बाहेर येऊन चपला शोधत मामी मला म्हणाल्या, "बाई, मरणाले सारे भेतात. मांगच्यायच्या हालाले कोणी भेत नाई."

मंगरूळपीरच्या शाळेत नोकरी लागल्यावर मी त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. त्यांचे यजमान माझ्या आईच्या माहेरचे, किन्हीराजाचे, म्हणून त्या मामी. घराच्या पुढच्या भागात पिठाची गिरणी होती. नवरा-बायकोंनी मिळून ती गिरणी चालवली आणि तिच्यावर ते घर उभं केलं. मग एका दुपारी मामा गिरणीपुढेच कोसळले आणि गेले. बँकेतल्या खात्याला वारस लावलेला नव्हता. घर त्यांच्या नावावर, विजेचं मीटर त्यांच्या नावावर. मामी कितीतरी दिवस तहसील, बँक आणि नगरपरिषद यांच्यात फिरत राहिल्या. "इतके वर्सं संगं राह्यली," त्या सांगायच्या, "अन् मी त्यायची बायको हाव, हे पटवाले मले साक्षीदार न्या लागले."

त्यांना मूल नव्हतं. धाकटी बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा तिची तान्ही मुलगी त्यांनी उचलून आणली. तीच रेखा. रेखा त्यांना माय म्हणायची. बारावी झाल्यावर गिरणी तिनेच हातात घेतली. दत्तकाचे कागद कोणी केले नाहीत. रेशनकार्डावर नाव होतं, तेवढ्याने मामी निश्चिंत होत्या.

त्यांची झोप उडवली ती विलासने. विलास म्हणजे त्यांच्या दिराचा मुलगा, किन्हीराजाला शेती करणारा. दिवाळीला फराळाला आला होता. अंगणात उभा राहून सहज म्हणाला, "काकू, तुमच्या मांगं इथं दोन गाळे मस्त निघतात." त्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण मामींच्या हातातलं चिवड्याचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्या कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडे गेल्या. तो म्हणाला, रेशनकार्डाने कोणी वारस होत नाही. तुम्ही काही लिहून न ठेवता गेलात, तर नवऱ्याकडून आलेलं सगळं नवऱ्याच्या नातलगांना जाईल, रेखाला काही मिळणार नाही.

"मंग कायले थांबता? लेहा," मामी म्हणाल्या.

त्या दिवसापासून मामी एका जागी बसल्या नाहीत. अलीकडे त्यांच्या छातीत धडधड व्हायची, दोन पावलं चालल्या की दम लागायचा, तरी गल्लीत येरझारा सुरूच. मृत्युपत्राच्या कागदाला दोन साक्षीदार हवे होते. एक मी. दुसरं कोणी तयार होईना. भाऊबंदकीच्या भानगडीत कोण पडेल, असं म्हणून माणसं आत जायची. आणि रेखा तर विषयच काढू देत नव्हती. "माय, असं अभद्र बोलू नको. मले घर नाई पायजे, तू पायजे."

मामी कडाडल्या, "मी पायजे, हे खरं. पण मी काय राहून राह्यली व्हय?"

रेखा रडत गिरणीत निघून गेली. 

शेवटी गिरणीच्या झिजलेल्या दगडांना टाकी लावून खरखरीत करून देणारे रशीदभाई तयार झाले. "मामी, नेक काम हाय. चला." आम्ही रजिस्ट्री ऑफिसला गेलो, तर सर्व्हर बंद. कारकून म्हणाला, उद्या या. मामी टेबलाशी वाकल्या. "उद्या मी असीन का नसीन, ते तुमच्या मशिनले इचारा." कारकून हसला, मामी हसल्या नाहीत. बाहेर अर्जनवीस म्हणाला, नोंदणी झाली तर उत्तम, पण दोन साक्षीदारांसमोर सही झाली तरी कागद खरा ठरतो. मामींनी तिथेच बाकावर बसून सही केली. खाली आम्ही दोघांनी केल्या. उद्यापर्यंत थांबायची त्यांची खरंच छाती नव्हती. नोंदणीसाठी मात्र दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन त्या पुन्हा हजर.

वाटलं, आता शांत होतील. कुठलं काय! त्यांनी विलासला बोलावून घेतलं. मी म्हटलं, "मामी, आत्ताच कशाला? कळेल नंतर." त्या म्हणाल्या, "पोटातली गोष्ट पोटासंगं जळते, बाई. अन् मांगून कळली तं तो भांडीन कोनासंगं? रेखासंगंच ना?"

विलास आला. मामींनी त्याला समोर बसवून सांगितलं. "किन्हीराजाचं आमच्या वाट्याचं दोन एकर वावर तुह्या आजाचं. ते तुले. हे घर आमी दोघायनं पीठ दळून उभं केलं, ते रेखाले. तुले राग येईन. येऊ दे. पण माह्यावर येऊ दे, तिच्यावर नोको."

"म्हंजे आमी परके," एवढंच बोलून विलास उठला. त्यानंतर तो आला नाही, फोनही केला नाही. मामी बोलून दाखवत नसत. पण किन्हीराजाकडची एसटी यायच्या वेळेला त्या दारात उभ्या असायच्या. आपण बरोबर केलं का, हा प्रश्न त्यांनी मला एकदाच विचारला, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता आत गेल्या.

पावसाळा संपता संपता मामी गेल्या. विलास आला, त्याने खांदा दिला. तेरवीपर्यंत तो कोणाशी बोलला नाही. साक्षीला उभं राहावं लागेल, म्हणून मी मनात वाक्यं जुळवत होते. तेरवीची पंगत उठल्यावर तो अंगणात फेऱ्या मारू लागला. मग रेखापुढे येऊन थांबला.

"काकूनं तोंडावर सांगतलं, तवा लय राग आला व्हता," तो म्हणाला. "मंग वावरात काम करता करता इचार केला, तिनं मले चोरून काई केलं नाई. आता भांडाले काई ठेवलंच नाई तिनं. तू घर सांभाळ. काई लागलं तं फोन कर."

रेखाने मान हलवली. सगळे गेल्यावर तिने दार लोटलं आणि चुलीपाशी बसून पोटभर रडली. लेकीचं नातं पटवायला साक्षीदार घेऊन तिला कोणत्याही कचेरीत जायचं नव्हतं.